मौनाची थकबाकी

सांगून करवून घेतलेल्या चित्राचे पैसे वेळेवर आले नाहीत, म्हणजे चित्रकाराचा महिन्याचा मेळ बिघडतो, दुकानदाराची उधारी वाढते आणि घरातील माणसांशी बोलताना आवाज नकळत खाली येतो, हे सारे खरेच आहे. परंतु या अडचणींची निदान गणती करता येते आणि त्यांवर काही ना काही उपायही योजता येतो. याहून खोल जाणारी इजा निराळीच असते. ज्या गृहस्थाने आपल्या चित्रशाळेत बसून मोठ्या उत्साहाने काम सांगितले, कच्च्या रेखाटनावर बोट ठेवून ‘इथे आकाश थोडे मोकळे ठेवा’ अशी जाणत्याची सूचना केली, त्याच गृहस्थाने काम हाती पडताच बोलणे थांबवावे, पत्राला पोच देऊ नये, फोन उचलू नये आणि समोरासमोर गाठ पडण्याचा प्रसंग शिताफीने टाळावा, या वर्तनाने ती होते. नकार मनुष्य सोसतो; मुदत मागितली तर ती देता येते; चित्र पसंत पडले नाही असे सांगितले, तर त्यावर वाद घालता येतो, प्रसंगी फेरफारही करता येतो. मौनाशी मात्र काहीच करता येत नाही, कारण मौन धरणाऱ्याने आपल्याला प्रतिपक्षाचा दर्जाही दिलेला नसतो.

वसई-विरारच्या या टापूत चित्राची मागणी कधी खुंटलेली नाही, हे मी अभिमानाने सांगतो. आगाशी, निर्मळ, नंदाखाल, सांडोर, गिरीज या गावांतील बागायती घरांतून दिवंगत आजी-आजोबांची तैलचित्रे करवून घेण्याची चाल अजून टिकून आहे, आणि लाल लुगड्यातील आजीच्या गळ्यातील दागिने जसेच्या तसे उतरावेत म्हणून मुले, सुना, नातवंडे जुनी, पिवळी पडलेली छायाचित्रे जपून घेऊन येतात. चर्चच्या सणासाठी संतांच्या प्रतिमा, नाताळच्या गोठ्यामागील देखावा, गणपतीच्या मखरामागचा पडदा, शाळेच्या आवारातील भिंत, अशी कामे वर्षभर चालू असतात. २००९ साली वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली, त्याच्या आगेमागे येथील वस्तीचा विस्तार झपाट्याने झाला, आणि मंगल कार्यालये, उपाहारगृहे, मोठ्या इमारतींची दर्शनी दालने ही नवी गिऱ्हाइके आमच्या दारी आली. जुने गिऱ्हाईक वाडीतले, ओळखीचे, चर्चच्या वा देवळाच्या पायरीवर भेटणारे असे. त्याच्याकडील बाकी लज्जेने वसूल होई. नव्या गिऱ्हाइकाशी आपला संबंध कामापुरताच असतो, आणि काम संपताच तो संबंध कोणत्या धाग्याने टिकवायचा, हा प्रश्न आमच्या पिढीपुढे प्रथमच एवढ्या तीव्रतेने उभा राहिला आहे.

अशाच एका समारंभगृहाच्या मालकांनी आपल्या प्रवेशदालनासाठी या भूमीच्या इतिहासावर तीन भव्य तैलचित्रे माझ्याकडे सांगितली: सोपाऱ्याचे प्राचीन बंदर, वसईच्या किल्ल्याचा सागरी दरवाजा आणि अर्नाळ्याचा जलदुर्ग. ठराव लेखी झाला. एक तृतीयांश रक्कम इसार म्हणून आधी, एक तृतीयांश पहिली दोन चित्रे पोचल्यावर आणि उरलेली तिसरे चित्र स्वाधीन करतेवेळी, अशी कलमे दोघांच्या सह्यांनिशी कागदावर उतरली. इसार विनाविलंब आला. पहिली दोन चित्रे मी वेळेत पोचती केली, ती दालनात लागली, त्यांच्यावर दिव्यांची योजना झाली, आणि दुसऱ्या हप्त्याचा दिवस मात्र नुसताच उलटून गेला.

त्यानंतरचा क्रम ज्याने असे काम केले आहे त्याला सांगावयास नकोच. प्रथम हिशेबनीस म्हणत, ‘शेठ बाहेरगावी आहेत, आले की बघतो’. मग ‘लग्नसराई आटपू द्या, सर’ असा वायदा झाला. मग ऑडिटाचे कारण पुढे आले. हळूहळू कारणे सांगण्याचाही कंटाळा आला असावा, कारण मी पाठविलेले संदेश वाचले गेल्याच्या दोन निळ्या खुणा तेवढ्या उमटू लागल्या आणि त्यांच्याखाली अक्षर उमटेनासे झाले. त्याच सुमारास एका परिचितांच्या घरी लग्नाची छायाचित्रे पाहत असता सोपाऱ्याच्या बंदरासमोर उभे असलेले प्रसन्न वधूवर माझ्या दृष्टीस पडले. माझी शिडाची गलबते, माझा पहाटेचा प्रकाश त्यांच्या मंगल क्षणाला शोभा देत होता, याचा आनंद मला झाला आणि तो निर्भेळ होता. परंतु ज्या वस्तूने एका दालनाची प्रतिष्ठा रोज वाढत आहे, तिच्या कर्त्याला एका ओळीचेही उत्तर मिळू नये, ही विसंगती त्या क्षणी जितकी स्पष्ट दिसली तितकी पूर्वी दिसली नव्हती.

थकलेली रक्कम एकट्या चित्रकाराची असते असा सर्वसाधारण समज आहे, आणि तो वस्तुस्थितीला धरून नाही. मोठ्या चित्राचे कापड ताणण्यासाठी लागणारी सागवानी चौकट सुताराकडून येते आणि सुतार महिनाअखेर मजुरी मागतो. रंग, जवसाचे तेल, टर्पेंटाइन, कुंचले यांची किंमत काम सुरू होण्यापूर्वीच दुकानात मोजावी लागते. पावसाळ्यात या किनाऱ्यावरील हवा इतकी दमट होते की ताणलेले कापड ढिले पडते, त्याच्या पाठीवर बुरशी धरू पाहते, आणि तैलरंगाचा थर, जो हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन सावकाश घट्ट व्हावयाचा, तो नेहमीहून अधिक दिवस ओलसर राहतो. वरचा थर घाईने चढवावा तर पुढे तडे जाण्याचे भय असते. म्हणजे या कामात काळाचीही गुंतवणूक आहे, आणि ती कोणत्याही पावतीवर दिसत नाही. याखेरीज चित्र जपून नेणारा टेम्पोवाला, परांची बांधणारे गडी, नालासोपाऱ्याहून येऊन पार्श्वभूमी रंगविणारी माझी तरुण साहाय्यक, या सर्वांचे पोट त्या एका दुसऱ्या हप्त्याला बांधलेले असते. मालकांच्या मौनाचे ओझे या सर्वांच्या खांद्यांवर वाटले जाते, आणि यांतल्या एकानेही त्या मालकांचे मुख पाहिलेले नसते.

तरीही मागावयाचा संकोच वाटतो. हा संकोच आमच्या संस्कारांत खोलवर रुजलेला आहे. कला ही साधना आहे, साधकाने द्रव्याचा उच्चार करू नये, सरस्वतीच्या दारी लक्ष्मीचा हिशेब मांडू नये, अशी वचने आम्ही लहानपणापासून ऐकली आणि त्यांतील उदात्तता मनोमन मानलीही. परंतु ज्या काळी कलावंत द्रव्याविषयी बोलत नसे, त्या काळी त्याच्या वतीने कोणीतरी बोलत असे, हे आपण विसरतो. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्म्याकडे चौदा पौराणिक चित्रे सांगितली, तेव्हा पन्नास हजार रुपये हा त्यांचा मोबदला ठरला होता, आणि त्या आकड्याच्या उच्चाराने त्या चित्रांचे तेज लवमात्र उणे झालेले नाही. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः कुंचला धरणारे असल्यामुळे एका चित्रामागे किती श्रम असतात हे त्यांना समजावून सांगण्याची कोणास गरज पडली नसेल. दरबार गेले, दरबारचे कारभारी गेले. आता कलावंताला आपला कारभारी आपणच व्हावे लागते, आणि यात त्याची साधना मलिन होण्याचे काही कारण नाही.

मला या बाबतीत सर्वांत मोठा धीर दिला तो एका दूरच्या आणि फार थोर चित्रकाराच्या पत्रांनी. हॉलंडमधील रेम्ब्रांटने ऑरेंजचा राजपुत्र फ्रेडरिक हेंड्रिक याच्यासाठी ख्रिस्ताच्या यातनांवरील चित्रमालिका केली, आणि त्या संदर्भात राजपुत्राचा सचिव कॉन्स्टंटाइन हायगेन्स याला त्याने १६३६ ते १६३९ या काळात लिहिलेली सात पत्रे आज उपलब्ध आहेत. मानवी अंतःकरणाचा एवढा मर्मज्ञ चित्रकार, आणि त्याच्या हातची ही पत्रे बहुतांशी कामाची प्रगती, त्याची पोचवणी आणि त्याचे पैसे यांविषयी आहेत. १६३९ च्या आरंभी त्याने ॲमस्टरडॅममध्ये १३,००० गिल्डरांचे घर विकत घेतले होते आणि त्याला रकमेची निकड होती. शेवटच्या दोन चित्रांना प्रत्येकी १,००० गिल्डर मिळावेत अशी त्याची अपेक्षा होती. अखेर प्रत्येकी ६०० वर त्याने समाधान मानले, आणि चौकटी व पेटी यांचे ४४ गिल्डर मात्र त्याने वेगळे मागून घेतले. १,२४४ गिल्डरांच्या त्या रकमेत चौकटीचा खर्च लपून राहू न देणारा हा कारागीर मला फार जवळचा वाटतो. पुन्हा याच पत्रव्यवहारात हायगेन्सला भेट म्हणून पाठविलेले चित्र भरपूर उजेडात आणि लांबून पाहता येईल अशा ठिकाणी लावावे, अशी विनंतीही तो करतो. पैसे मागणारा आणि प्रकाशाची चिंता वाहणारा हे एकच मन होते. आपल्या कृतीचे मूल्य जो जाणतो, त्याला ती कोठे लागावी याचीही काळजी असते आणि तिचा मोबदला बुडू नये याचीही.

याउलट क्रोधाचा मार्गही कलेच्या इतिहासात नमूद आहे. लंडनमध्ये १८७६-७७ साली व्हिस्लरने लेलंड नावाच्या धनिकाचे भोजनगृह रंगविण्यास घेतले; ठरलेल्या कामापलीकडे जाऊन, मालक गावी नसताना त्याने संपूर्ण दालनाचा मोरपंखी कायापालट केला आणि २,००० गिनींची मागणी केली. लेलंडने १,००० पौंड दिले. व्हिस्लरने उत्तरादाखल त्याच दालनाच्या भिंतीवर झुंजणारे दोन मोर काढले आणि त्यांच्या पायाशी नाणी विखुरली. ते दालन आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे आणि त्याचे सौंदर्य निर्विवाद आहे. परंतु त्या मैत्रीचा अंत झाला आणि १८७९ साली व्हिस्लरचे दिवाळे निघाले. कामाची मर्यादा आणि वाढीव कामाचा दर आधी कागदावर ठरलेला असता, तर त्या झुंजीला अवसर कितीसा उरला असता, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

आणि लिहून ठेवण्याचा संस्कार तर आमच्या भूमीला परका नाही. सोपाऱ्यास १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला आणि १९५६ साली जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा. म्हणजे आपला शब्द दगडावर कोरून लोकांपुढे ठेवावा, ही राजाची रीत या किनाऱ्याने फार पूर्वी पाहिली आहे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांच्या स्वाधीन केली ती तहनाम्याने. १७३९ साली चिमाजी अप्पांनी घनघोर वेढ्यानंतर किल्ला घेतला, तेव्हा पराभूतांना सन्मानाने बाहेर पडू देण्याच्या अटीही ठरावाने पक्क्या झाल्या. आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने येथेच इंग्रजांशी केलेला तह मराठी राज्याला किती महागात पडला, हे आपण जाणतोच. लेखी शब्द बांधून टाकतो, म्हणून तो विचारपूर्वक लिहावा, एवढा बोध या गावाच्या नावाशी कायमचा जोडला गेला आहे.

परंतु माझ्या मनावर सर्वांत खोल ठसा आहे तो नाशिकच्या लेण्यांतील एका लेखाचा. सोपाऱ्यात धर्मशाळा बांधणारा म्हणून ज्याचा उल्लेख त्या लेण्यांत आढळतो, तो क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात याने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षूंसाठी ३,००० कार्षापणांची कायम ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली: २,००० दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यावयाचे होते. वर्षाचे व्याज २४० आणि वीस बारे २४०, असा तो हिशेब तंतोतंत जुळतो. हा सारा व्यवहार निगमसभेत वाचून दाखविला गेला आणि रीतीप्रमाणे दप्तरी नोंदविला गेला, असे तो लेख सांगतो. दाता राजकुळातला, घेणारे विरक्त भिक्षू, कार्य निखळ पुण्याचे. तरी दर, मुदत, विनियोग आणि नोंद यांपैकी काहीही संकोचापोटी मोघम ठेवलेले नाही. दानासारख्या निरपेक्ष कृत्याला जर लेखाने कमीपणा आला नाही, तर मेहनतीच्या मोबदल्याला तो कसा यावा?

माझ्या गुरूंची एक लाल बासनातली वही होती. आलेले प्रत्येक काम, त्याचे माप, ठरलेली रक्कम, मिळालेला इसार आणि चित्र नेण्याची तारीख त्यात ते सुवाच्य अक्षरात लिहीत आणि खाली गिऱ्हाइकाची सही घेत, अगदी शेजाऱ्याचीसुद्धा. ‘लिहून घेत जा रे,’ ते मला सांगत, ‘लिहिलेलं असलं की आठवण करून देताना भांडावं लागत नाही.’ त्या वाक्याचा पुरता अर्थ मला या प्रकरणात उमगला. मी तगादा थांबविला, फोन थांबविला आणि एक पत्र लिहून पोचपावतीसह टपालाने पाठविले. त्यात ठरावाची तारीख, चित्रांची मापे, ती पोचती केल्याचा दिवस, मिळालेली रक्कम, येणे असलेली रक्कम आणि ती देण्याची शेवटची मुदत एवढेच होते. दोषारोप नव्हता आणि आर्जवही नव्हते. रक्कम एकदम देणे अवघड असेल तर हप्ते बांधून देण्यास माझी तयारी आहे, आणि बाकीचा निर्णय होईपर्यंत तिसरे चित्र माझ्या चित्रशाळेतच राहील, ही दोन वाक्ये शेवटी लिहिली.

कायद्याचा आधार अशा वेळी पाठीशी असतो, आणि तो प्रत्येक तरुण कलावंताने जाणून घ्यावा. केलेल्या कामाच्या पैशाचा दावा सर्वसाधारणपणे तीन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. मात्र देणेकऱ्याने त्या मुदतीत आपल्या सहीने देणे कबूल केले, तर तेथून मुदत नव्याने मोजली जाते, म्हणून लेखी उत्तराचे मोल केवळ सौजन्यापुरते नसते. सूक्ष्म वा लघु उपक्रम म्हणून नोंदणी असलेल्या पुरवठादाराला २००६ च्या कायद्याने अधिक संरक्षण दिले आहे: करारात काहीही लिहिले असले तरी देण्याची मुदत ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही, थकलेल्या रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लागू होते, आणि दाद सुलभीकरण परिषदेकडे मागता येते. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. मोबदला घेऊन, दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा प्रताधिकार, उलट करार नसेल तर, १९५७ च्या कायद्याप्रमाणे सांगणाऱ्याकडे जातो. तेव्हा संपूर्ण रक्कम मिळेपर्यंत तो चित्रकाराकडेच राहील, असे एक कलम ठरावात अवश्य असावे.

पत्र पोचले आणि काही दिवसांनी मालक स्वतः माझ्याकडे आले. त्यांचा पैसा दुसऱ्या एका बांधकामात अडकून पडला होता. ‘सर, तुम्हाला तोंड कसं दाखवू, हेच कळत नव्हतं,’ ते म्हणाले, ‘पत्रात हप्त्यांचं लिहिलंत म्हणून आलो.’ त्या क्षणी मला जे दिसले ते असे, की इतके महिने दोन संकोच एकमेकांसमोर उभे होते: मागण्याचा माझा आणि अडचण कबूल करण्याचा त्यांचा, आणि त्या दोहोंमध्ये सुतार, टेम्पोवाला आणि ती मुलगी भरडली जात होती. पत्राने दोघांनाही एकमेकांच्या चेहऱ्याकडे न पाहता खरे बोलण्याची वाट करून दिली. हप्ते ठरले, काही आले, एक अद्याप यावयाचा आहे, आणि तिसरे चित्र तोवर माझ्याकडे आहे.

प्रत्येक मौनामागे लज्जाच असते असे मी म्हणणार नाही. ज्यांना कलावंताच्या भिडस्तपणावर आपला नफा काढण्याची सवय जडली आहे, असेही लोक आहेत, आणि त्यांच्यासाठी परिषद आहे, न्यायालय आहे. तेथे जाण्यास कोणी कचरू नये. परंतु लज्जित कोण आणि लबाड कोण, याचा निवाडा आपण मनातल्या मनात करू शकत नाही. तो निवाडा स्वच्छ, सभ्य, तारीखवार लिहिलेले पत्र करते. कारण लज्जित मनुष्याला ते परतीचा मार्ग दाखविते आणि लबाडाविरुद्ध तेच पुरावा होते. म्हणून मागणे ही याचना नव्हे आणि आक्रमणही नव्हे. आपल्या श्रमाविषयी आणि त्या श्रमात सहभागी झालेल्या लहान माणसांविषयी ते आपले कर्तव्य आहे.

आणि काम सांगणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती एकच आहे. आमची चित्रे आपल्या भिंतींवर लागतात तेव्हा आम्हाला धन्यता वाटते. आपल्यावर अडचण आली तर थांबण्याइतके औदार्य आमच्यापैकी बहुतेकांजवळ आहे. पैसे पुढच्या महिन्यात देतो म्हणा, निम्मेच जमतील म्हणा, काम मनास आले नाही म्हणा, पण बोला. रकमेला उशीर झाला तर ती व्याजासह भरून काढता येते; न दिलेल्या उत्तराची भरपाई मात्र कोणत्याही हप्त्याने होत नाही.